गोदामावरचा भोंगा

सोसायटीच्या गोदामाचं दार उघडलं तेव्हा आत उजेड होता, पण तो दारातून आलेला नव्हता. शालिग्रामनं मान वर केली. आढ्याजवळचा एक पत्रा रात्रीच्या वादळानं उचलून तिरपा केला होता आणि त्या फटीतून सकाळचं ऊन थेट कपाशीच्या बियाण्याच्या खोक्यांवर उतरलं होतं. वरची खोकी भिजून बसकी झाली होती. खालच्या खोक्यांतून अजून पाणी ठिबकत होतं.

ही फट कुठून पडली, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्या पत्र्याचे दोन बोल्ट त्यानं स्वतःच्या हातानं खोलले होते.

मेहकरहून आत येणारा या गावाचा रस्ता नाल्यावरून येतो. पाऊस लागला की फरशीपूल पाण्याखाली जातो आणि मग ट्रक सोडाच, दुधाची मोटरसायकलही अलीकडे येत नाही. म्हणून रोहिण्या लागायच्या आत खत, बी, ढेप, रेशनचं धान्य, सगळं गोदामात येऊन पडावं लागतं. शालिग्राम गोदामपाल. उन्हाळाभर त्याचं हेच काम. उंदरांची बिळं काच आणि सिमेंट घालून बुजवायची, पोत्यांखाली लाकडी फळ्या टाकायच्या, थप्पी भिंतीपासून हातभर लांब ठेवायची, मागची नाली उपसायची. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात नाम आणि हातात खराटा. गाव त्याला कौतुकानं महाराज म्हणे.

यंदा काळजी जास्त होती. गेल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं गावची कपाशी आतून पोखरली. बोंडं वरून हिरवीगार आणि फोडली की आत काळी. लोकांनी उभी पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर फेकली होती. यंदा लवकर पेरू नका, तारखेआधी बी विकू नका, असा वरून हुकूम होता. त्यामुळे खोकी आली ती गोदामातच थांबली. बी जास्त दिवस आत राहणार म्हणून अध्यक्ष हिंमतरावांनी छपराचं काम वाहेदला दिलं. वाहेद गावातलाच, पत्र्याचा कारागीर. मेहकरच्या कापसाच्या जिनिंगपासून डोणगावच्या दुकानांपर्यंत पावसाआधी त्यालाच बोलावणं जायचं. त्यानं गोदामाचा एकेक बोल्ट तपासला, जुने रबरी वायसर काढून नवे घातले, वरून डांबर लावलं. छपरावर पाणी सोडून पाहू म्हणाला होता. पण गाव टँकरवर जगत होतं, छपरावर ओतायला पाणी कुठलं.

त्यानंतर गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला.

दरवर्षी भोंगा देवळामागच्या निंबावर बांधत. यंदा विजेच्या तारांसाठी निंब छाटला होता. शिवाय शालिग्रामची थोरली बहीण जनकाबाई नाल्यापलीकडे शेतातल्या वस्तीवर खाटेला खिळली होती. हिवाळ्यात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आयुष्यात तिनं एक सप्ताह चुकवला नव्हता. ‘गावात सात दिवस कीर्तन, अन् मी अठी भिंतीकडं तोंड करून,’ एवढंच ती म्हणाली होती. ते वाक्य शालिग्रामच्या काळजात काट्यासारखं राहिलं. गावात सगळ्यात उंच छप्पर गोदामाचं. तो शिडी लावून वर चढला. दोरीनं बांधलेला भोंगा वाऱ्यात फिरला असता, म्हणून त्यानं आढ्याजवळचे दोन बोल्ट पान्ह्यानं खोलले, त्या जागी लोखंडी पट्टी बसवली, पट्टीवर भोंगा, आणि भोंग्याचं तोंड वस्तीकडे.

सात दिवस कीर्तन नाल्यापार गेलं. जनकाबाईनं निरोप धाडला की बुवांचा श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो.

काल्याच्या दिवशी भोंगा उतरवताना एक वायसर फाटला, दुसरा घरंगळत पन्हाळीत गेला. खाली टाळ जोरात आले होते, हंडी फुटायची वेळ झाली होती. काल्याचा पहिला घास हातावर पडावा म्हणून शालिग्रामचा जीव खाली ओढ घेत होता. त्यानं बोल्ट तसेच घातले, नट बोटांनी फिरवले आणि सकाळी पान्हा घेऊन येऊ म्हणून उतरला. सकाळी मंडप सोडायचा होता, भांडी परत करायची होती, बुवांना एसटीवर पोचवायचं होतं. बोल्ट मनातून गेले ते गेलेच.

आता ते असे समोर आले होते.

हिंमतराव आले, मागोमाग दहा माणसं आली. हिंमतरावांनी एक खोकं उचललं. ते हातातच फाटलं आणि आतली ओली पाकिटं खाली सांडली.

“पत्रे कोनं कसले होते?” त्यांनी विचारलं.

“वाहेदनं,” तीन-चार जण एकदमच म्हणाले.

शालिग्राम हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्यानं मान खाली घातली. अशा वेळी गावात मान खाली घालणं म्हणजे हो म्हणणंच असतं, हे त्याला माहीत होतं.

“त्याले काय जाते,” गर्दीतून कुणीतरी बोललं. “सोसायटी काय त्याच्या बापाची हाये?”

“अन् तुह्या बापाची हाये का?” गोदामात काम करणारी बेबीताई पाकिटं गोळा करता करता म्हणाली. “तुह्या बापानं तं इथली ताडपत्री नेली थे आनखी आनून नाई देल्ली.”

लोक हसले. हसण्यात तो माणूस मागे सरला, पण त्याचं बोलणं मात्र तिथंच राहिलं.

गर्दी पांगल्यावर बेबीताई ओली पाकिटं एका बाजूला आणि कोरडी दुसऱ्या बाजूला लावू लागली. मध्येच थांबून तिनं वर पाहिलं.

“महाराज, भोंगा अठीच होता न हो? त्याच्या दोरीनं तं नाई ओढला पत्रा?”

“दोरीनं काय होते, बेबीताई,” शालिग्राम म्हणाला.

दोरी नव्हतीच. म्हणजे तो खोटं बोलला नव्हता. एवढा हिशेब त्याच्या मनानं डोळ्याची पापणी लवायच्या आत केला. इतकी वर्षं कीर्तनाला बसलो, दृष्टांत ऐकले, डोळे पुसले आणि त्यातून हाताला लागलं ते हे, असं त्याच्या मनात आलं. तो खाली बसून पाकिटं पुसू लागला. बेबीताईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

दोन दिवस त्यानं स्वतःची समजूत घातली. ओलं बी बाजूला काढलं आहे, ते कुणाच्या वावरात जाणार नाही. हिंमतराव मेहकरहून दुसरं आणतायत. गावानं मागितलेलं वाण नाही, पण बी मिळेल. मग नुकसान कुणाचं झालं? नाम घ्यायला बसला की हाच प्रश्न माळेच्या मण्यांबरोबर फिरायचा.

उत्तर हिंमतरावांच्या ओसरीवर मिळालं. तो भिजलेल्या पाकिटांची यादी द्यायला गेला होता आणि हिंमतराव फोनवर बोलत होते.

“जिनिंगचं शेड? त्याले नका देऊ. आमच्या गोदामाचं पाह्यलं न काय केलं त्यानं. पावसाच्या तोंडावर रिस्क काऊन घेता... हाव, जालन्याची पार्टी पाहा.” फोन ठेवून ते म्हणाले, “कृषी केंद्रवाल्यानं बी त्याचं काम काढून घेतलं. बरं झालं.”

पत्र्याच्या कारागिराची कमाई पावसाआधीच्या या दिवसांवर असते. पुढे वर्षभर कोठ्या आणि डबे ठोकत बसायचं. शालिग्राम ओसरीच्या पायरीवर बसला आणि जे होतं ते त्यानं सांगितलं. पट्टी, बोल्ट, वायसर, काला, सगळं.

हिंमतरावांनी ऐकून घेतलं, उठले आणि घराचं मधलं दार लोटून घेतलं. सप्ताह समितीचे अध्यक्षही तेच होते.

“हे आनखी कोनाले सांगलं?”

“नाई.”

“मंग सांगू नको. लोक काय म्हनतीन? सप्त्यानं बी भिजवलं. पुढच्या साली कोन येईन मंडपात? तुह्या एका बोल्टापायी देवाच्या कामाले बोल लावतं का?”

“पन वाहेद...”

“वाहेदले पुढच्या साली पाहू आपन. मी हावो न.”

शालिग्रामला हलकं वाटलं. खरंच वाटलं. सांगायचं ते सांगून झालं होतं आणि वडीलधाऱ्या माणसानं गप्प राहा म्हटलं होतं; आता भार त्यांच्यावर. पण वेशीपर्यंत येता येता त्या हलकेपणाचीच त्याला शिसारी आली. सप्ताहातल्या एका बुवांचं बोलणं आठवलं. कान देवाला दिले म्हणजे हात मोकळे झाले, असं समजू नका, असं ते म्हणाले होते. तेव्हा तो सगळ्यांच्या आधी ‘वाह’ म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी तो वस्तीवर गेला. जनकाबाईची खाट पडवीत काढली होती. भावाला पाहून तिचा चेहरा उजळला.

“ये बापा. तुले सांगू, यंदाचा काला मी असा डोयानं पाह्यल्यावानी ऐकला. तुह्यापायी. माय असती तं दिष्ट काढली असती तुही.”

“बाई, तसं म्हनू नको.”

“काऊन नको म्हनू?”

त्यानं तिलाही सांगितलं. सांगताना तो खाटेच्या माचव्याकडे पाहत होता. नाल्याकडून कुणाची तरी बैलगाडी उतरत होती, तिचा आवाज येत राहिला.

“म्हंजे माह्या कीर्तनापायी त्या लेकराचं काम गेलं,” जनकाबाई म्हणाली.

“तुह्यापायी नाई, बाई. माह्या हलगर्जीपनानं.”

“त्याले सांगलं?”

“नाई.”

“हिंमतरावले सांगलं, मले सांगलं. आमचं दोघाइचं काय गेलं रे त्याच्यात?” तिनं उशीवरची मान त्याच्याकडे वळवली. “मले कायले सांगून राह्यला तू? मी म्हनू, जाऊ दे बापा, म्हनून? नाई म्हनत. जाय.”

तो तिथून सरळ वाहेदच्या घरी गेला. दारात वाहेदची बायको हुस्नबानो गहू निवडत होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बसायला बाज सरकवली.

“वाहेद नाई का?”

“डोनगावले गेले. येतीन आता.”

“काम भेटलं का तठी?”

“काम कायचं, भाऊ.” तिनं सूप खाली ठेवलं. “गेल्या सालचे, त्याच्या मांगच्या सालचे, जितके पत्रे ठोकले तितके पाह्यत फिरून राह्यले. फुकटात. म्हनतात, एक ठिकानी हात चुकला तं आनखी कुठं कुठं चुकला असन, कोनाचं लेकरू खाली झोपलं असन. जेवन बी नाई धड. तुमीच समजावून सांगा जरा. तुमचं आयकतीन.”

शालिग्रामनं हातातला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. काम जाईल, नाव जाईल, एवढाच हिशेब त्यानं केला होता. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. चोरी केली ती दुसरीच निघाली होती; त्या माणसाचा आपल्या हातावरचा भरवसाच गेला होता.

मोटरसायकल थांबली. वाहेद उतरला, अंगावर डांबराचे डाग, दाढी वाढलेली. शालिग्रामला पाहून तो ओशाळल्यासारखा हसला.

“शालिग्रामभाऊ, मीच येनार होतो. गोदामाचा तो पत्रा मले पुन्ना कसू दे. पैसे नको. मी आढ्यावर एक एक बोल्ट हातानं पाह्यला होता, कसम खुदा की. मंग सुटला कसा, थेच समजून नाई राह्यलं. डोये लावले का तोच बोल्ट दिसते.”

“सुटला नाई,” शालिग्राम म्हणाला. “म्या खोलला. भोंग्यासाठी. अन् मंग वायसर न लावता नुस्ता घालून ठेवला.”

वाहेद उभाच होता. त्यानं मोटरसायकलच्या सीटवर हात टेकला.

“म्हंजे मी कसला होता.”

“हाव.”

“नक्की कसला होता?”

“दोनी हातानं पान्ह्याले लटकाव लागलं मले, तवा फिरला.”

वाहेदनं डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले आणि क्षणभर शालिग्रामला वाटलं, सुटलो. मग वाहेदनं डोळे उघडले.

“येवढं सांगाले तुले इतके दिवस काऊन लागले बे?”

आयुष्यात वाहेदनं त्याला बे म्हटलं नव्हतं. हुस्नबानो “अजी” म्हणून उठली. वाहेदनं हातानंच तिला थांबवलं.

“हिंमतराव म्हने, देवाले बोल लागन.”

“अन् मले लागला थो?” वाहेद म्हणाला. “मले तं देवळात बी जागा नाई, का जाऊन कोनाले सांगू.” त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे ऐकणं अवघड झालं. “माफी घिफी नको मांगू. बस मांगं. जिनिंगवाल्याच्या समोर सांग, जे मले सांगलं थे.”

मोटरसायकल मेहकरला जिनिंगच्या दारात थांबली. जिनिंगचा मॅनेजर हिशेबाच्या टेबलामागे पंख्याखाली बसला होता. माळकरी माणूस हात जोडून उभा पाहून तो वर्गणीवाला समजला आणि खिशाकडे हात नेऊ लागला. शालिग्रामनं सांगितलं. या वेळी त्यानं खाली पाहिलं नाही; सांगून सांगून सवय झाली म्हणून नव्हे, तर शेजारी वाहेद उभा होता म्हणून.

मॅनेजरनं सगळं ऐकून थेट हिंमतरावांना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकला. “अहो, तुमचे गोदामपाल वेगळंच सांगतायत.”

पलीकडून हिंमतराव म्हणाले, “शालिग्राम, तू आयकून राह्यला का?”

“हाव.”

“संध्याकायी किल्ल्या आनून दे.”

फोन बंद झाला. मॅनेजर अवघडून वाहेदकडे वळला. “हे पहा, मोठं शेड जालन्याच्या लोकांना देऊन बसलो. त्यांनी सामान उतरवलं. आता त्यांना परत कसं पाठवू? सरकीचं लहान शेड आहे. ते घेतो का?”

मोठ्या शेडच्या मानानं ते काम म्हणजे एखाद्या कोपऱ्यासारखं होतं. वाहेदनं वर पाहिलं, पत्र्यावर नजर फिरवली.

“घेतो,” तो म्हणाला.

शालिग्रामनं संध्याकाळी किल्ल्या दिल्या. हिंमतरावांनी त्या खिळ्याला अडकवल्या, चहाचं विचारलं नाही. गावात दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. काही जण म्हणाले, महाराजांनी आपल्या तोंडानं सांगितलं. काही म्हणाले, सांगायचं होतं तर आधी सांगायचं, सप्त्याला बट्टा लावून काय मिळवलं. बेबीताई रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, “दोरी नव्हती म्हना,” आणि डोक्यावरचं गवत सावरत पुढे गेली.

सकाळी तो न विचारता मेहकरला गेला. वाहेद शिडीवर होता. त्यानं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. शालिग्राम खाली उभा राहून वायसर देत राहिला, डांबराचा डबा दोरीला बांधून वर पाठवत राहिला. दुपारी काम उरकलं. जिनिंगमध्ये आगीसाठी भरून ठेवलेला पाण्याचा मोठा हौद असतो. मॅनेजरची परवानगी घेऊन वाहेदनं त्या हौदाचा पाइप वर ओढला आणि आढ्यावर पाणी सोडलं. शालिग्राम शेडच्या आत सरकीच्या ढिगाशेजारी मान वर करून उभा राहिला. पत्र्यावर पाण्याचा आवाज एवढा होता की पाऊसच आल्यासारखं वाटत होतं.

“गयते का?” वरून वाहेदनं विचारलं.

शालिग्रामनं आढं पाहिलं, पत्रे पेलणाऱ्या कैच्या पाहिल्या, चारी कोपरे पाहिले. “नाई गयत.”

पाइप सरकला. पाणी दुसऱ्या उतारावर आलं.

“गयते का?”

“नाई.”

“नीट पाह्य.”

तो सरकीच्या ढिगावर चढला, पत्र्याच्या जवळ गेला, एकेका बोल्टाखाली तळहात फिरवला. कोरडा होता. “वाहेद, टिपूस नाई. तुह्या हातचं हाये, गयन कसं.”

वर पाणी तसंच पडत राहिलं. वाहेद पाइप घेऊन पुन्हा पहिल्या उतारावर आला होता.

“आता पाह्य,” तो म्हणाला. “गयते का?”

शालिग्राम ढिगावरूनच पहिल्या उताराखाली सरकला आणि पुन्हा पहिल्या बोल्टापासून हात फिरवू लागला.